वारा फिरला ती संध्याकाळ

तापलेल्या दिवसाच्या शेवटी आभाळ काळवंडतं, धूळ उठते आणि अंगाला पहिला गार वारा लागतो, तेव्हा आपण दारात येतो. खिडक्या सताड उघडतो. पोरं अंगणात धावत सुटतात. वळवाशी आपलं नातं असं आहे, आणि आपली माणसं ऑस्ट्रेलियात गेली ती हे नातं सोबत घेऊनच. तिथे एका संध्याकाळी असाच वारा सुटला आणि माणसं अशीच दारात आली. त्या संध्याकाळनंतर दहा जण दगावले. त्या दहांपैकी सहा जण भारतीय किंवा आशियाई वंशाचे होते.

शहर मेलबर्न. तारीख 21 नोव्हेंबर 2016, सोमवार. त्या दिवशी काय घडलं हे मराठी घरांत माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तो दिवस तासातासाने मांडतो आहे.

आधीचे काही महिने

या दिवसाची सुरुवात पहाटे होत नाही, गवतापासून होते. ऑस्ट्रेलिया हा कोरडा खंड. पण 2016 चा हिवाळा आणि त्यानंतरचा वसंत तिथे चांगलाच ओला गेला. मेलबर्नच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मैलोन्‌मैल कुरणं आहेत. त्यांत रायग्रास नावाचं गवत वाढतं. ते मूळचं तिथलं नाही. गुरामेंढरांच्या चाऱ्यासाठी युरोपातून आणून पेरलेलं आहे. चाऱ्याला ते उत्तम, म्हणून कुरणांत रुजलं, आणि कुरणांतून रस्त्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटांत, रुळांच्या बाजूला पसरलं. पाऊस मनाजोगा झाला की ते माजतं. ऑक्टोबर ते डिसेंबर त्याचा फुलोरा. त्याचं परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून नसतं, वाऱ्यावर असतं. त्यामुळे ते पराग मोजून-मापून सोडत नाही, मुठींनी उधळतं.

या दिवसांत अर्धं मेलबर्न शिंकत असतं. डोळे लाल, नाकाला पाणी, टाळूला खाज. तिथे याला ‘हे फीव्हर’ म्हणतात, आपण ‘ॲलर्जीची सर्दी’ म्हणतो आणि सोडून देतो. भारतातून नव्याने गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी बहुधा काहीच होत नाही, कारण हा पराग त्याच्या शरीराला अनोळखी असतो. दोन-चार वसंत तिथे काढले की शरीर त्याला ओळखू लागतं आणि मग शिंका सुरू होतात. ‘इथली हवा मानवत नाही गं,’ असं आईला फोनवर सांगितलं जातं. आई वाफ घ्यायला सांगते. गोष्ट तिथेच संपते.

ती तिथेच संपते, हीच या कहाणीतली सगळ्यात मोठी चूक.

सोमवार, सकाळ

मेलबर्नमध्ये सकाळचे सहा वाजतात तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. आपल्याकडे तो नोटाबंदीचा दुसरा आठवडा होता. बँकांसमोर रांगा होत्या, आणि आदल्याच पहाटे कानपूरजवळ पुखरायाँला इंदूर-पाटणा एक्सप्रेसला भीषण अपघात झाला होता. देशाचं लक्ष तिकडे होतं, आणि ते साहजिकच होतं.

मेलबर्नमध्ये हवेतले पराग रोज मोजले जातात. मेलबर्न विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एड न्यूबिगिन आणि त्यांचे सहकारी हे काम करतात. एका घनमीटर हवेत गवताच्या परागाचे शंभराहून जास्त कण असले की तो दिवस ‘अतितीव्र’. त्या सोमवारचा अंदाज अतितीव्रचाच होता, आणि प्रत्यक्षातही आकडा शंभराच्या पुढे गेला. ज्यांना शिंकांचा त्रास होता त्यांनी गोळी घेतली, रुमाल खिशात टाकला आणि कामाला निघाले.

इतपत इशारा लोकांपर्यंत पोचला होता. तो नाकापुरता होता.

दुपारी बारा

उत्तरेचा वारा सुटला होता. मेलबर्नला उत्तर म्हणजे खंडाचं पोट, कोरडा, तापलेला प्रदेश. तिकडून वारा आला की शहराला भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. मेलबर्नकरांना याची सवय आहे. जानेवारी 2009 मध्ये तिथे सलग तीन दिवस पारा 43 अंशांच्या वर होता, आणि त्यानंतर आठवडाभराने, 7 फेब्रुवारीला, तो 46.4 वर गेला. त्या मानाने नोव्हेंबरातला हा सोमवार साधा होता. दुपारी तापमान 35 अंशांच्या आसपास गेलं. विदर्भातल्या माणसाला हे ऊन ऊनच वाटणार नाही.

पण हा कोरडा, गरम वारा कुरणांवरून येत होता आणि येताना पराग उचलत होता.

दुपारी तीन-चार

शाळा सुटल्या. मुलं सावली धरून घरी निघाली. पश्चिमेकडे, व्हिक्टोरिया राज्याच्या आतल्या भागात, ढगांची रांग उभी राहत होती. हवामान खात्याचा इशारा होता तो वादळाचा, सोसाट्याच्या वाऱ्याचा. दमा हा शब्द त्यात कुठेच नव्हता, कारण दम्याचा अंदाज वर्तवण्याची पद्धतच तेव्हा व्हिक्टोरियात नव्हती.

आता त्या ढगांच्या आत काय चाललं होतं ते पाहू, कारण सगळा अनर्थ तिथे शिजत होता.

गवताच्या परागाचा कण साधारण मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढा असतो. माणसाच्या हिशेबाने बारीक, पण फुप्फुसाच्या हिशेबाने जाडाच. तो नाकात अडकतो. म्हणून शिंका येतात, आणि म्हणूनच एरवी छातीला फारसं काही होत नाही. आपलं नाक म्हणजे दारावरचा पहारेकरी, आणि एवढ्या जाड कणाला तो आत सोडत नाही.

वादळी ढग उभा राहताना खालची हवा वर ओढून घेतो. हवेबरोबर परागही वर जातात. ढगातल्या ओलाव्यात कण पाणी पितात, फुगतात आणि फुटतात. रायग्रासच्या एका कणात पिठूळ दाणे असतात, सातशेपर्यंत. प्रत्येक दाणा मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाहून लहान, आणि ॲलर्जी ज्यांच्यामुळे होते ती प्रथिनं त्याच्यावरच असतात. एकाचे सातशे होतात आणि सगळे इतके बारीक, की नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही. ते थेट छातीच्या शेवटच्या, केसाएवढ्या नळ्यांपर्यंत पोचतात.

मग ढगातून गार हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. तिची पुढची कड म्हणजे आपल्याला लागतो तो पहिला गार झोत. फुटलेल्या परागाचं हे पीठ त्या कडेत, बरोबर माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दाट होऊन येतं.

ही माहिती माणसाला 2016 मध्ये नवी नव्हती. इंग्लंडात बर्मिंगहॅमला 1983 मध्ये वादळानंतर दम्याचे रुग्ण एकाएकी वाढल्याची नोंद आहे. खुद्द मेलबर्नमध्ये 1987 आणि 1989 च्या नोव्हेंबरात हे घडलं होतं. लंडनला 1994 मध्ये, ऑस्ट्रेलियातच वॉगा वॉगा या गावी 1997 मध्ये. रायग्रासचे कण पावसात कसे फुटतात यावरचा महत्त्वाचा अभ्यास मेलबर्नच्याच संशोधकांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केला होता. म्हणजे ज्ञान त्याच शहरात होतं. संशोधनपत्रिकांत होतं, काही डॉक्टरांच्या डोक्यात होतं. ज्याच्या छातीत ते पीठ शिरणार होतं, त्याच्या घरात मात्र नव्हतं. पंचवीस वर्षं हे अंतर कुणी ओलांडलं नाही, आणि माझ्या मते त्या दहा मृत्यूंच्या मुळाशी हेच अंतर आहे.

संध्याकाळी पाच

वादळाची रांग जिलाँग शहरावर आली आणि पूर्वेला सरकू लागली. पुढच्या तास-दीड तासात तिने मेलबर्न पश्चिमेकडून पूर्वेपर्यंत ओलांडलं. वेळ ऑफिसं सुटण्याची. लोकल भरलेल्या, गाड्या रस्त्यावर, बसस्टॉपवर माणसं.

मेलबर्नमध्ये या क्षणाला ‘कूल चेंज’ म्हणतात. उत्तरेचा वारा पडतो, दक्षिणेकडून गार वारा येतो आणि काही मिनिटांत पारा घसरतो. उन्हाळाभर शहर त्याची वाट पाहतं. पण हाच बदल घात करतो, हेही त्या राज्याने एकदा भोगलं आहे. 7 फेब्रुवारी 2009 ला वणवे पेटले असताना संध्याकाळी वारा फिरला, आणि आगीची लांबलचक कडाच आगीचं तोंड झाली. त्या दिवशीच्या वणव्यांत 173 माणसं गेली. तेव्हापासून वाऱ्याची दिशा बदलणं म्हटलं की तिथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, पण तो आगीच्या दिवसांत. आज आग नव्हती. आज वारा फिरला तर बरंच वाटणार होतं.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा

वारा फिरला. धूळ उठली, झाडं वाकली, तापमान दहाहून अधिक अंशांनी उतरलं. पाऊस फार झाला नाही. दिवसभर बंद ठेवलेल्या खिडक्या उघडल्या गेल्या. सूर्य मावळायला अजून दोन तास होते. उजेड होता, गारवा होता, बाहेर थांबावंसं वाटेल अशी वेळ होती.

भारतात दुपारचे साडेबारा वाजत होते.

पश्चिमेची आणि उत्तरेची उपनगरं कुरणांना लागून आहेत. तिथे घर जरा स्वस्त मिळतं, म्हणून नव्याने आलेली कुटुंबं तिथेच राहतात. टार्नेट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, क्रेगीबर्न ही नावं आज कितीतरी मराठी घरांच्या पत्त्यांत सापडतील. सर्वांत जास्त फटका शहराच्या याच बाजूंना बसला.

हा त्रास कसा सुरू होतो ते नीट ऐकून ठेवा. आधी छातीवर कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं. खोकला येतो, कोरडा, न थांबणारा. श्वास आत जातो पण बाहेर येत नाही. छातीत घरघर सुरू होते. मग एक वाक्यही सलग बोलता येत नाही. ज्याला दमा आहे तो हे ओळखतो आणि पंप शोधतो. ज्याला दमा नाही, निदान आपल्याला नाही अशी ज्याची समजूत आहे, तो पाणी पितो, पाठ चोळून घेतो, खिडकीशी जाऊन मोकळी हवा घेतो. त्या संध्याकाळी मोकळी हवा हेच विष होतं.

अशांची संख्या किती मोठी होती हे पुढे कळलं. रुग्णालयांत आलेल्यांपैकी डॉक्टरांनी दम्याचं निदान केलेले आणि तेव्हाही दमा असलेले केवळ 28 टक्के होते. ‘हे फीव्हर’ असणारे 87 टक्के. सरासरी वय 32. धडधाकट, नोकरी करणारी, लहान मुलांचे आईबाप असलेली माणसं. त्यांच्याजवळ पंप नव्हता, कारण पंप लागेल असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सात ते सव्वासात

ऑस्ट्रेलियात रुग्णवाहिकेसाठी 000 लावतात. सहा वाजल्यापासून फोन वाढू लागले होते. सात ते सव्वासात या पंधरा मिनिटांत रुग्णवाहिकेसाठी 201 फोन आले. दर साडेचार सेकंदांना एक. हा परिच्छेद वाचायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिथे तीन-चार घरांतून कुणीतरी ‘श्वास घेता येत नाही’ असं सांगत होतं.

श्वास घेता न येणं ही तिथल्या यंत्रणेत सर्वोच्च तातडीची तक्रार. पण सगळेच सर्वोच्च तातडीचे झाले, तर रांगेत पुढे कुणाला घेणार? रुग्णवाहिका पुऱ्या पडेनात. हातात असलेला प्रत्येक कर्मचारी कामाला लावला गेला, तरी गाडी पोचायला वेळ लागत होता. वाट पाहतानाच काहींचा श्वास थांबला. दारात उभं राहून रस्त्याकडे डोळे लावलेल्या त्या घरच्यांचा विचार मनातून जात नाही. त्यांनी करायचं ते सगळं केलं होतं. नंबर लावला, पत्ता सांगितला, पाठीवर हात ठेवला. श्वासनळ्या मोकळ्या करणारा एक निळा पंप तेवढा घरात नव्हता, आणि ऑस्ट्रेलियात तो औषधाच्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो.

रात्री आठनंतर

ज्यांना जमलं त्यांनी गाड्या काढल्या आणि थेट रुग्णालय गाठलं. सनशाइन, फुट्सक्रे, एपिंग, शहराच्या मध्यातलं रॉयल मेलबर्न. तातडीच्या विभागांत माणसं मावेनात. खुर्च्या संपल्या, लोक जमिनीवर बसले. प्रत्येक रुग्णालयाला सुरुवातीला वाटत होतं की गर्दी आपल्याकडेच आहे. अवघ्या शहराचा श्वास कोंडला आहे, हे चित्र एकत्र दिसायला वेळ गेला. पुढे झालेल्या चौकशीत याच गोष्टीवर बोट ठेवलं गेलं: माहिती एका यंत्रणेकडून दुसरीकडे वेळेत गेली नाही, आणि लोकांपर्यंत तर फारच उशिरा गेली.

डॉक्टर-परिचारिकांबद्दल मात्र आदरच वाटतो. पाळी संपलेले लोक थांबले, घरी असलेले परत आले. एरवी एका रात्रीत दम्याचे मोजके रुग्ण पाहणाऱ्या विभागांनी ओळीने माणसं बसवून पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) हातात दिले, आणि बहुतेक सगळ्यांना वाचवलं. आलेल्या हजारोंपैकी बहुतेकांचा श्वास परत आला, हे त्या रात्रीचं श्रेय विसरून चालणार नाही.

मंगळवार, 22 नोव्हेंबर

 सकाळीही रुग्णालयांतली रांग ओसरली नव्हती. वादळानंतरच्या तीस तासांत श्वसनाच्या तक्रारींसाठी तातडीच्या विभागांत नेहमीपेक्षा 3,365 जण जास्त आले. दम्यासाठी दाखल झालेल्यांची संख्या नेहमीपेक्षा 476 ने जास्त होती. अतिदक्षता विभागात 35 जण होते, त्यांतले पाच वाचले नाहीत. मृतांचा आकडा एकदम कळला नाही, तो दिवसागणिक वाढत दहावर थांबला. या आधी नोंदलेल्या अशा कुठल्याही घटनेत इतके बळी गेले नव्हते.

त्यानंतर

हे आकडे 2018 मध्ये लॅन्सेट समूहाच्या वैद्यकीय पत्रिकेत आले, तेव्हा आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. रुग्णालयात आलेल्यांत 39 टक्के आशियाई किंवा भारतीय वंशाचे होते. मेलबर्नच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण 25 टक्के होतं. दम्यासाठी दाखल झालेल्यांत भारतात किंवा श्रीलंकेत जन्मलेले 10 टक्के होते. आधीच्या तीन वर्षांत हेच प्रमाण 1 टक्का होतं. मृतांचं मी सुरुवातीलाच सांगितलं: दहांत सहा.

व्हिक्टोरिया सरकारने धडा घेतला, हे मान्य करायला हवं. 2017 पासून ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तिथे वादळी दम्याचा रोजचा अंदाज जाहीर होतो. परागाचं प्रमाण आणि वादळी वाऱ्याची शक्यता एकत्र पाहून जिल्ह्याजिल्ह्याला धोका कमी, मध्यम की जास्त ते कळवलं जातं. राज्यातल्या कोरोनर, म्हणजे अनपेक्षित मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकारी, पॅरेसा स्पॅनोस यांनी दहाही मृत्यूंची चौकशी करून 2018 मध्ये निष्कर्ष दिले. इशाऱ्याची यंत्रणा आता उभी आहे.

पण इशारा त्यालाच उपयोगी, ज्याला तो आपल्यासाठी आहे हे ठाऊक आहे. ‘मला कुठे दमा आहे, मला नुसत्या शिंका येतात,’ म्हणणारा माणूस तो फोनवर पाहतो आणि पुढे सरकवतो. त्याला हे सांगणारं घरचंच कुणीतरी लागतं, ज्याचं तो ऐकतो.

म्हणून ही विनंती. तुमचा मुलगा, सून, भाची, मित्र, कुणीही मेलबर्नला असेल तर ऑक्टोबरात त्यांना फोन करा आणि विचारा: नाक वाहतंय का? शिंका येतायत का? येत असतील तर डॉक्टरांना दाखवून घे, आणि निळा पंप व स्पेसर आजच आणून घरात ठेव. अंदाज ‘जास्त’ असेल त्या दिवशी वादळाचा वारा सुटायच्या आत घरात ये, दारं-खिडक्या लाव, आणि बाहेरची हवा आत घेणारा एसी बंद कर. छाती आवळली तर ताठ बस, स्पेसर लावून पंपाचे चार फवारे एकेक करून घे, प्रत्येकानंतर चार श्वास. चार मिनिटं थांब. बरं वाटलं नाही तर 000 लाव, आणि गाडी येईपर्यंत तेच करत राहा.

आणि गार वाऱ्याला खिडकी उघडायची तुमची सवय त्यांच्या अंगात आहे, हे लक्षात ठेवून ‘दारं-खिडक्या लाव’ हे वाक्य त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.